चार छिद्रांची शस्त्रक्रिया

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या रुग्णालयाचे संचालक डॉ. अमादेओ बेल्विस, मंचावर विराजमान असलेले शल्यविभागाचे प्रमुख, आत्ताच सुरेख प्रार्थना म्हणणारे फादर इसिद्रो, दुर्बिणीची यंत्रं पुरवणाऱ्या कंपनीचे प्रतिनिधी (यांचं आज इथं काय काम ते मला कुणी सांगितलेलं नाही, पण आलेच आहेत तर त्यांनाही नमस्कार), आज निरोप घेणाऱ्या सत्कारमूर्ती डॉक्टर, आपल्या सगळ्यांच्या दोक्तोरा, पेर्पेतुआ सुमागायसाय, परिचारिका भगिनी, आणि खुर्च्या संपल्यामुळे भिंतीला टेकून उभ्या असलेल्या बंधुभगिनींनो,

मी हर्नानी तुपास. वर शस्त्रक्रिया होते, कापलेला तुकडा खाली तळघरात माझ्याकडे येतो. तो काचपट्टीवर घ्यायचा, सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा आणि कर्करोग आहे की नाही ते सांगायचं, हा माझा आयुष्यभराचा उद्योग. वाईट बातमी पहिल्यांदा कळणारा माणूस मी. अशा माणसाला कुणी समारंभात बोलायला उभं करत नाही. पण ‘एक तरी वक्ता माझ्या पसंतीचा’ असा हट्ट दोक्तोरांनी धरला, म्हणून मी इथं.

आम्हा इलोइलोकरांची एक पंचाईत आहे. आपली बोली इतकी गोड हेलाची की नवरा-बायको भांडत असले तरी परक्याला वाटतं लाडात आलेत. तेव्हा गैरसमज नको म्हणून आधीच सांगतो, मी रागावलेलो आहे. खरं म्हणजे राग हा शब्दही सभ्य झाला. मला किळस आलेली आहे.

मघापासून मी भाषणं ऐकतोय. ‘संस्था सदैव दोक्तोरांच्या पाठीशी उभी राहिली.’ पाठीशी? हो, होती की. पण हातात काय घेऊन उभी होती, ते कुणीच सांगितलं नाही. ते मी सांगतो.

दुर्बिणीचं यंत्र आलं तेव्हा दारात मोठं चित्र लागलं होतं. हसणारी बाई, आणि खाली ओळ: ‘चार छोटी छिद्रं, लवकर घरी.’ गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग लहान असताना सापडला, तर पूर्वी पोट उघडून गर्भाशय काढत. आता तेच काम चार छिद्रांतून. या कामात सगळ्यात तयार हात कुणाचा? दोक्तोरांचाच. त्या शिकून आल्या, इतरांना शिकवलं, आणि त्यांना ते मनापासून आवडलंही. बाई तिसऱ्या दिवशी चालत घरी जाते हे कुणाला आवडणार नाही?

त्या चित्रातली बाई म्हणजे ओतोन गावची नांग सालुद, सगळ्यांची थोरली ताई. मागावर हब्लोनचं कापड विणायची. जिभेला हाड नव्हतं. तपासणीला आली की आधी ओसरीतल्या सगळ्या बायकांना पोट दाखवायची. म्हणायची, “बघा गं, माझ्या सुना जळतात माझ्यावर! बाळंतपणाला त्यांचं पोट फाडलं हातभर, आणि माझा एवढा मोठा आजार काढला तर नुसते चार ठिपके. डासानं चावल्यासारखे!” दोक्तोरा तिला दटावायच्या, “नांग, पोट झाक आधी, मग मिरव.”

वर्ष उलटलं असेल नसेल, तिच्या ओटीपोटातून काढलेला एक तुकडा माझ्याकडे आला. दोक्तोरा स्वतः जिना उतरून खाली आल्या.

“हर्नानी, पुन्हा बघ.”

“दोनदा बघितलं.”

“चष्मा पूस आणि बघ.”

मी चष्मा पुसला. पेशी होत्या तिथंच होत्या. दोक्तोरा खुर्चीवर बसल्या नाहीत, टेबलाच्या कडेला टेकल्या. म्हणाल्या, “एवढासा होता रे रोग. एवढासा. हा परत यायलाच नको होता.”

मग आणखी एक बाई आली, मग आणखी. दोक्तोरांनी आपल्या हातच्या जुन्या-नव्या सगळ्या बायकांचा माग काढायला सुरुवात केली. सुटीच्या दिवशी बोटीनं गिमारासला जायच्या, आंब्याच्या बागांतून घरं शोधायच्या, दारात उभ्या राहून विचारायच्या, “कशी आहेस गं?” कुठं बाई हसत बाहेर यायची. कुठं नवरा बाहेर यायचा आणि नुसती मान हलवायचा. संशोधन संशोधन म्हणतात ना, ते हे. त्याला वातानुकूलित खोली लागतेच असं नाही. मात्र उत्तर ऐकायची तयारी लागते.

आणि उत्तर आलं. त्यांनी ते वरिष्ठांच्या बैठकीत मांडलं. मी तिथं होतो, काचपट्ट्या घेऊन. डॉ. बेल्विस तेव्हा काय म्हणाले, ते त्यांच्या स्मरणात नसेल, माझ्या आहे. ते म्हणाले, “दोक्तोरा, वय झालं की हात थरथरतात. त्यात यंत्राचा काय दोष?” सगळे हसले. आज पहिल्या रांगेत बसलेले सगळे हसले होते.

दोक्तोरा शांतपणे म्हणाल्या, “याच हातांनी पोट उघडून केलेल्या बायका बऱ्या आहेत. याच हातांनी दुर्बिणीतून केलेल्यांत रोग जास्त परततोय. हात तेच, रोग तोच. मग बदललं काय, ते तुम्ही सांगा.”

 शल्यविभागाचे प्रमुख एवढंच म्हणाले, “पण बायकांना व्रण लहान हवा असतो.”

“त्यांना आपण दोन्ही गोष्टी सांगितल्या का? मी आता सांगायला लागलेय. एकही बाई लहान व्रण मागत नाही.”

बैठक तिथंच आटोपती घेतली. जेवणाची वेळ झाली होती म्हणे.

आता ज्याची मला किळस आली ते सांगतो. यंत्राच्या कंपनीनं नदीकाठच्या हॉटेलात मोठा मेळावा ठेवला होता. बाहेरगावचे डॉक्टर, अख्खं भाजलेलं डुक्कर, वाद्यवृंद, सगळा थाट. आणि यशाचा नमुना म्हणून व्यासपीठावर कुणाला आणायचं ठरलं? नांग सालुदला. चित्र तिचं होतं ना! तिचा रोग परतलाय हे ठरवणाऱ्यांना ठाऊक होतं. निदानाखाली सही माझी होती आणि ते त्यांच्या हातात पोचलं होतं. तरी गाडी पाठवून तिला आणलं. गाल बसलेले, म्हणून कुणीतरी तिच्या तोंडाला रंग लावला. रंग लावला हो! जिवंत माणसाला!

ती स्वतः विणलेल्या हब्लोनचा पोशाख घालून आली होती. मला बघून म्हणाली, “दोक्तोर, उभं राहवत नाही, पण हे म्हणतात दोनच मिनिटं हसायचंय. एवढं बरं केलंय त्यांनी मला, नाही कसं म्हणू?”

तिला कुणी सांगितलंच नव्हतं. ‘आम्ही सांगतो’ म्हणून दोक्तोरांना तिची भेट घेऊ दिली नव्हती, आणि ‘थोडी सूज आहे’ म्हणून तिला औषधाच्या गोळ्या देऊन घरी पाठवलं होतं.

दोक्तोरा मागच्या रांगेतून उठल्या. आधी तिच्याजवळ गेल्या, तिच्यासमोर जमिनीवर गुडघे टेकून बसल्या आणि हलक्या आवाजात बोलल्या. काय बोलल्या ते मला ऐकू आलं नाही.  सालुदचं बोलणं मात्र ऐकू आलं: “बाकीच्या बायकांना माहीत आहे?”

“नाही.”

“मग इथं काय बसलीस, दोक्तोरा? जा की, सांग.”

दोक्तोरा व्यासपीठावर गेल्या. म्हणाल्या, “या बाईंचा कर्करोग परत आला आहे. शस्त्रक्रिया मी केली, या पद्धतीनं केली. या रोगासाठी मी ती पुन्हा करणार नाही, आणि तुम्हीही करू नका.” पुढचं वाक्य कुणाला ऐकू आलं नाही, कारण वाद्यवृंदाला वाजवायची खूण झाली होती. नाचाचं गाणं वाजलं. लोकांनी ताटं घेतली.

सालुद त्या वर्षीच्या नाताळाआधी गेली. मिरवायची खोड शेवटपर्यंत गेली नाही, दोक्तोरा तिच्या घरी जायच्या, तर शेजारणींना म्हणायची, “बघा, माझ्याकडे डॉक्टरच चालत येते.”

दोक्तोरांना शस्त्रक्रियागृहातून काढलं. ‘विश्रांती’ असं त्याचं नाव. गावोगाव तपासणी करत फिरणाऱ्या बसमध्ये नेमलं. शिक्षा म्हणून दिलेली बस त्यांनी माग काढायला वापरली. जमवलेली सगळी माहिती परदेशातल्या संशोधकांना पाठवली. पुढं अनेक देशांत मिळून मोठा अभ्यास झाला, आणि तो हेच म्हणाला: या कर्करोगात दुर्बिणीनं केलं तर रोग जास्त परततो, बायका जास्त मरतात. दारावरचं चित्र एका सकाळी गुपचूप उतरलं. कुणी दोक्तोरांची क्षमा मागितली नाही. उलट आपले संचालक व्याख्यानं देऊ लागले: ‘धोका आमच्याच संस्थेनं प्रथम ओळखला.’ मघाशीही तेच म्हणाले. तुम्ही टाळ्या वाजवल्यात.

जाता जाता दोक्तोरांनी संस्थेकडे एकच मागणी केली होती. ज्या ज्या बायकांची इथं दुर्बिणीतून ही शस्त्रक्रिया झाली, त्या सगळ्यांना निरोप धाडा, तपासायला बोलवा. उत्तर मिळालं, ‘लोक उगाच घाबरतील.’ आणि निरोपाऐवजी हा निरोप समारंभ झाला.

माइक बंद करायची खूण झालेली दिसतेय. राहू द्या. माझा आवाज पुरेल.

मग ऐका, आणि घरी जाऊन सांगा. तुमची आई, बहीण, शेजारीण, कुणाचीही या रुग्णालयात गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगासाठी छिद्रांतून शस्त्रक्रिया झाली असेल, तर तिला बरं वाटत असलं तरी घेऊन या. उद्या सकाळपासून दोक्तोरा पेर्पेतुआ मोलोच्या चर्चमागच्या सभागृहात बसणार आहेत. जागा फादर इसिद्रो देताहेत. म्हणून तर ते मघापासून घाम पुसताहेत. माझा जुना सूक्ष्मदर्शक काल रात्रीच तिथं नेऊन ठेवलाय. पैसे कुणाला द्यायचे नाहीत. ओतोन, मियागाव, गिमारास, जिथं जिथं ओळख असेल तिथं निरोप पोचवा.

अध्यक्षांचे, संयोजकांचे, फुलं आणणाऱ्या मुलींचे आभार. आपण उभं राहून एवढा वेळ ऐकलंत, आपले विशेष आभार. बोलण्याच्या ओघात कुणाचं नाव घ्यायचं राहिलं असेल, कुणाचा मान राखला गेला नसेल, तर मोठ्या मनानं पोटात घाला. मात्र निरोप पोटात ठेवू नका.