गाझाच्या गाड्याचा रंग

—न्हाई, न्हाई, आप्पाराव, असं एका हातानं उचलू नका, लिंबू हाय का त्ये — ठिवा खाली, हळू, मेजावर. अन् वरची तोफ पडली काय म्हणून इचारू नका, समदे तेच इचारतेत. चकलांब्याहून इथं लिंबागणेशाला माझी पोरगी पाहायला आलाव, बैठकीत टेकला न्हाईत तर पयला सवाल काय, तर मोहनराव, ह्या रणगाड्याची तोफ कुठं हाय. पडली न्हाई, नव्हतीच. पयल्या महायुद्धातला गाडा हाय ह्यो, इंग्रजाचा, अगदी सुरवातीचा — ह्येच्या डोक्यावर काई नसतंय, तोफा ह्या अशा दोन कुशीला, ह्या पेट्यांत. तुमी सव्वीस जानेवारीला टीव्हीवर पाहता त्यो येगळा. त्यो शाळेतल्या पोरालाबी कळतो.

अन् ह्येच्यात नर अन् मादी असतेत — हसू नका, मी न्हाई ठिवलं नाव, इंग्रजानंच ठिवलंय. तोफवाला नर, नुसत्या मशीनगनवाली मादी. मागच्या साली केजकडलं एक पाव्हणं आलतं रोहिणीला पाहायला, त्येला ह्ये सांगितलं तर म्हणतंय, मंग मोहनराव, पयलं ह्येंचंच लगीन लावून टाका. इनोद केला त्यानं. असल्या माणसाच्या घरात पोरगी द्यावी का? चहा पाजला, तेवढी रीत पाळली, अन् लावला वाटंला.

इकत? इकत मिळतोय की, डब्यात मिळतोय, प्लास्टिकचा. पुण्यामुंबईचे छंदवाले तेच करतेत — तुकडे काढायचे, चिटकवायचे, फोटो टाकायचा अन् एकमेकाला वा वा म्हणायचं. डब्यावर जसं चित्र तसा रंग. डबा काय लढाईला गेलता? पर इचारायचं कुणी. माझा पत्र्याचा हाय, एकूण एक रिबिट मी बसवलेला, टाचणीच्या डोक्याचा. तुमाला वाटतंय रिकामा धंदा. वाटू द्या, तुमच्या तोंडावरच दिसायलंय.

ऐका मंग, कावून करायलो ते. माझे पणजोबा निजामाच्या रिसाल्यात व्हते, घोड्यावर. इंग्रजाच्या बाजूनं लढायला पार फिलिस्तीनपस्तोर गेलते. तिथं गाझाच्या वाळूत त्येनी ह्यो गाडा पाहिला. गावात येऊन सांगितलं, लोखंडाचं घर चालत येतंय, खंदक आला की वरून पलीकडं जातंय — तर गाव हसलं. म्हातारा मरंस्तोर हसलं. घराला नावच पडलं, लोखंडी. मी सरपंच व्हतो तवाबी म्होरं मोहनराव अन् पाठ फिरली की लोखंडी. चार बुकं शिकलेली माणसंबी तसंच म्हणतेत. म्हणून करायचा तर त्योच करायचा, गाझाचाच, पणजोबानं पाहिला तस्साच. दुसरा न्हाई चालायचा.

अन् तस्सा म्हणजे काय, हे तुमाला उमजायचं न्हाई. आधी फोटो हुडकायचा. मंग त्यो कुठला, कव्हाचा, त्ये बघायचं. ह्या गाड्याला पयल्यांदा मागं दोन चाकं व्हती, वळायला, पुढं ती काढून टाकली. मी आपली लई झकास चाकं केलती, बसवली सुदीक. पोरगी म्हणली, आबा, गाझाच्या एकाबी फोटोत मागची चाकं दिसत न्हाईत. म्हणलं, गप बस, तुला काय कळतंय. तिनं फोटो कंप्युटरवर मोठा करून म्होरं ठिवला — मागं वाळू, नुसती वाळू. काढली चाकं. तवापासून फोटो तीच बघती. विलायतेच्या म्युझियमला तीच लिहिती, तिकडून आलेलं तीच वाचून दाखिवती — म्हणजे मला इंग्रजी येतंय, येतंय की, पर डोळं साथ देत न्हाईत. पेटीची खालची कड कशी कापायची, रिबिट कुठं दाट अन् कुठं इरळ, बाजूनं फिरणारा पट्टा किती ढिला, समदं तिनं हुडकलंय. पर गाडा माझा हाय. पत्रा मीच कापलाय.

लगीन? तेच तर सांगायलो. गाडा पुरा झाला की लगीन, असं ठरलंय आमच्यात. रोहिणीनं कबूल केलंय — म्हणजे मी म्हणलो अन् ती काई बोलली न्हाई, मंग कबूलच झालं की. तुमाला पुरा दिसायलाय? रंग कुठाय? नुसता पत्रा हाय ह्यो. काळ्यापांढऱ्या फोटोत रंग दिसत न्हाई, आप्पाराव. एक इद्वान म्हणतोय तपकिरी, दुसरा म्हणतोय वाळूचा, तिसरा म्हणतोय करडा, अन् तिघं बी गाझाला गेले न्हाईत. मी दिलता रंग. दिला अन् घासून काढला. पुन्यांदा दिला, पुन्यांदा घासला. कावून म्हणजे? शंका आली म्हणून. रोहिणी म्हणलती, आबा, बरोबर हाय, राहू द्या. वनमाला, आमची मंडळी, ती म्हणती, तुमी पत्रा न्हाई घासायलाव, पोरीचं वय घासायलाव. बायकांचं काय मनावर घ्यायचं.

अन् तुमी तरी नेऊन काय करणार तिला? भाकरी गोल येत न्हाई, आधीच सांगतो, मागून नावं ठिवू नका. तुमचा आदिनाथ कॉलेजात शिकिवतो म्हणता, शिकिवत असंल, पर त्येला तोफेची पेटी अन् धान्याची पेटी ह्येच्यातला फरक कळतोय का? चकलांब्यात कोण हाय तिच्याशी धड बोलायला? अन् ती गेल्यावर ह्या बैठकीत मी तरी कुणाशी बोलू — म्हणजे गाड्याबद्दल म्हणतो मी. उगं भलता अर्थ काढू नका.

आली बघा. ये, रोहिणी, ह्ये चकलांब्याचे आप्पाराव. अगं, पोह्याचा ट्रे कुठाय? ह्ये काय आणलंस? डबी कसली — अन् बुरूश? पाव्हणे बसलेत, ह्ये काय टायम हाय का? ठिव. रोहिणी, ठिव म्हणलं ना. गाडा इकडं दे.

ऐकलंत का आप्पाराव, काय म्हणायली — म्हणती, आबा, खरा रंग कुणालाच ठाऊक न्हाई अन् आता कळणारबी न्हाई, म्हणून मी ठरिवला. हिनं ठरिवला. सगळ्या जगातले इद्वान थकले अन् हिनं ठरिवला. पाव्हण्याच्या म्होरं, साडी नेसून, खाली बसून रंग द्यायली. कसला गं ह्यो? ना तपकिरी ना वाळूचा. चूक हाय. ही बाजू तरी राहू दे, उद्या बघू, उद्या पुन्यांदा फोटो —

न्हाई म्हणती.

तुमी काय बघायलाव, आप्पाराव? कधी पोरगी पाहिली न्हाई का? उठा. या आता. पोहे आत जाऊन चुलीपाशी खा, वनमाला वाढंल. तारीख मला इचारू नका, हिला इचारा, हीच ठरवायली समदं. जा म्हणलं ना.

...रोहिणी. तिथं न्हाई, पेटीच्या खालच्या कडंला. राहिलंय तिथं. दे, मी धरतो, तू लाव.