आता येते हं!

अहो, पण 'जाते' कसं म्हणणार? तुम्हीच सांगा! चांगल्या घरातून, चांगल्या बाईचा निरोप घेताना, तोंड वर करून 'जाते'?... शिव शिव! लहानपणी एकदा, एकदाच हं, शेजारच्या सुहासिनीकाकूंना मी 'जाते' म्हणाले, तर आईने पाठीत असा धपाटा घातला की पुढे आठ दिवस मी आंघोळीला जातानासुद्धा 'येते' म्हणत होते. मग ही सवय लीड्समध्ये येऊन सुटणार होती का? पासपोर्टवर शिक्का बसला म्हणून जीभ बदलते का? आणि आमचे हे, एवढे डॉक्टर माणूस, मलाच म्हणतात, "शैला, चूक तुझीच होती." माझी! तीन आठवडे एका बाईचं दार उघडं राहिलं, तिला खोकला झाला, मला नसलेला ताप आला, आमच्या घरात आठ दिवस बिनफोडणीची आमटी शिजली... आणि चूक माझी!

थांबा, नीट सांगते. शहाऐंशी साल, जानेवारी महिना. यांना लीड्सच्या हॉस्पिटलात नोकरी, लेकीला, मीनलला, शाळा, आणि मला? मला कुकर! तुम्हा लंडनच्या हॅरोकरांना काय कळणार म्हणा, इथे रस्त्यात उभं राहून 'काकू' अशी हाक मारली तर सहा जणी वळून बघतात. तिथे आमच्या गल्लीत सगळी लाल विटांची घरं, सगळ्यांना जाळीचे पडदे, आणि पडद्यामागे माणसं आहेत एवढंच कळायचं, कारण मी बाहेर पडले की पडदे हलायचे. दिवसभर मी आणि कुकर. तो शिट्टी मारायचा, मी म्हणायचे, "हो रे बाबा, ऐकलं." इतकी वाईट अवस्था! खरं सांगते, एकदा राँग नंबर आला तर त्या बाईला मी पाच मिनिटं सोडलं नाही.

आणि मग एक दिवस बर्फावरून घसरले. धप्पकन! थेट शेजारच्या दारात. साडी, कोट, बटाटे, सगळं रस्त्यावर. दार उघडलं आणि साठीची एक बाई बाहेर आली, पांढऱ्या केसांना निळी झाक, तिकडच्या म्हाताऱ्या पैसे देऊन लावून घ्यायच्या तसली. मला काखेत हात घालून उचललं आणि म्हणते कशी, "कम इन, लव्ह!" लव्ह! अहो, लग्नाला सात वर्षं झाली, आमच्या ह्यांनी 'अगं ए'च्या पुढे मजल मारली नव्हती, आणि ही बाई पहिल्याच भेटीत लव्ह! माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. तिला वाटलं गुडघा दुखतोय.

ही डोरीन. एकटीच राहायची, नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. तिने मला गॅसच्या शेगडीपाशी बसवलं, चहा दिला, बिस्किटांचा डबा पुढे केला. मी म्हटलं, "नो नो." पहिल्यांदा नकोच म्हणायचं असतं ना? मग समोरच्याने म्हणायचं, "अहो घ्या हो." मग आपण म्हणायचं, "आत्ताच खाऊन आले." मग त्यांनी म्हणायचं, "माझी शप्पत." मग एक उचलायचं. रीत आहे! मी "नो नो" म्हटलं आणि पुढच्या वाक्याची वाट बघतेय... टक! झाकण बंद! डबा फडताळात! पोटात कावळे ओरडत होते हो. दुसऱ्या दिवशी मात्र डबा फडताळातून निघायच्या आतच मी "येस प्लीज" म्हणून मोकळी झाले.

हो, दुसऱ्या दिवशी. कारण मी रोजच जायला लागले. दुपारी दोन वाजता मी डोरीनकडे, सव्वातीनला उठायचं, मीनलला शाळेतून आणायचं. आणि उठताना काय म्हणणार? 'जाते' कसं म्हणणार? तर उंबऱ्याशी उभं राहून, हात हलवून, आपलं सरळ मराठीचं इंग्रजी करून मी म्हणायचे, "ओके डोरीन, नाऊ आय ॲम कमिंग!"

डोरीनचा चेहरा असा खुलायचा! म्हणायची, "लव्हली! आय विल गेट द टी ऑन." मला वाटायचं, किती चहा पिते ही बाई! आत्ताच तर दोन कप झाले!

दुसऱ्या दिवशी गेले की विचारायची, "बिझी येस्टरडे, वर यू?" काल कामात होतीस का? मी म्हणायचे, "येस येस, व्हेरी बिझी!" बायकांनी रिकामी आहे असं म्हणू नये, हेही आईनेच शिकवलेलं. मग तासभर गप्पा, आणि निघताना परत, "नाऊ आय ॲम कमिंग!" असे तीन आठवडे. रोज. मोठ्या उत्साहाने!

आणि एक दिवस डोरीन बदलली. आपल्याकडे बाई रागावली की कळतं, भांडी आपटतात, शेजारणीचं नाव न घेता शेजारणीला ऐकू जाईल असं बोललं जातं. इंग्रज बाई रागावली की काय करते? हवामानाबद्दल बोलते! "कोल्ड टुडे." बस्स. डबा नाही, लव्ह नाही. तिसऱ्या दिवशी तर मी बेल वाजवली, पडदा हलला, पण दार उघडलंच नाही. आतून खोकल्याचा आवाज तेवढा आला. मी तिथेच उभी, हातात मीनलच्या वाढदिवसाचा केक. अख्ख्या लीड्समध्ये माझं एक माणूस, आणि तेही गेलं! घरी आले आणि ढसाढसा रडले हो. यात विनोद नाही, खरंच रडले.

मग विचार केला, चुकलं काय? आणि डोक्यात आलं... हिंग! हिंगाचा वास भिंतीतून जात असणार! त्या दिवसापासून फोडणी बंद. आठ दिवस! हे आमटीचा भुरका मारायचे आणि चमचा हातात धरून थांबायचे. "शैला, हे हॉस्पिटलमधलं आहे का?"

अशात मीनल मागच्या अंगणातून आत आली. सहा वर्षांची, शाळेत सहा महिने झाले नाहीत तोवर तिच्या मराठीचं पार भजं झालेलं. म्हणते, "आई, डोरीन बोलला की तू फिबर आहे."

फीवर? मला? मला कुठे ताप आहे? यांनी जेवता जेवता हात धुऊन माझ्या तोंडात थर्मामीटर कोंबला. अठ्ठ्याण्णव पॉइंट चार! म्हटलं, अगंबाई, म्हणजे तिला वाटतंय मला ताप आहे, माझ्यामुळे तिला खोकला झाला, म्हणून दार उघडत नाही! मी उठले, वाटीभर शिरा घेतला, पुरावा म्हणून थर्मामीटर घेतला, आणि तिच्या दारावर धाड धाड! "डोरीन! आय हॅव नो फीवर! सी!"

तिने दार उघडलं. थर्मामीटर बघितला, मला बघितलं, शिऱ्याला बघितलं. "टा," म्हणाली, म्हणजे थँक्यू, आणि वाटी घेऊन दार लोटायला लागली. आणि मी... सवय हो, मेली सवय!... मी म्हटलं, "ओके डोरीन, नाऊ आय ॲम कमिंग."

"नो, यू आर नॉट!"

अशी ओरडली की समोरचे चार पडदे एकदम हलले. "यू ऑलवेज से इट! अँड यू नेव्हर कम!" आणि माझं मनगट धरून मला आत स्वयंपाकघरात नेलं. टेबलावर तीन ताटल्या. दोन मोठ्या आणि एक छोटी, तिच्यावर सशाचं चित्र. मीनलसाठी मुद्दाम आणलेली! तेव्हा कळलं, तिकडे यॉर्कशरमध्ये 'टी' म्हणजे चहा नाही, टी म्हणजे संध्याकाळचं जेवण! मी सव्वातीनला "येते" म्हणायचे, हिला वाटायचं पोरीला घेऊन परत येतेय. रोज बटाटे तळायची, आम्ही मटण खात नाही म्हणून अंडी आणायची, आणि आम्हाला बेल वाजवायला लागू नये म्हणून दार नुसतं लोटून ठेवायची. जानेवारीत! खोकला होणार नाही तर काय! आणि फिबर म्हणजे फीवर नाही हो... फिबर म्हणजे थापाडी!

धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. कसंबसं समजावलं. म्हटलं, डोरीन, आमच्यात निघताना 'जाते' म्हणत नाहीत. 'जाते' फक्त जो परत येणार नाही त्याचं. माणसाने 'येते' म्हणायचं, मग भले महिन्याने येऊ दे, पण येणार आहे एवढं सांगून निघायचं.

ती खुर्चीवर बसली. सशाची ताटली पुढ्यात ओढली. मग म्हणाली, तिचा नवरा, स्टॅन्ली, बसवर ड्रायव्हर होता. एक दिवस सकाळी टोपी घालून, नेहमीसारखंच म्हणाला, "आय ॲम ऑफ, देन." जातो मग. आणि डेपोतच गेला. हार्ट. "ऑफ," ती म्हणाली, "अँड ऑफ ही वेंट." मग नाक पुसलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "युवर्स इज बेटर, लव्ह. टीच मी."

लव्ह परत आलं! मग मी तिथेच बसून अंडी-बटाटे खाल्ले, पहिल्याच आग्रहाला, आणि डोरीनला शिकवलं. ये... ते. "येटे," ती म्हणायची. येटे तर येटे. घरी येऊन आधी कढल्यात हिंग घातला.

इथे खरं तर गोष्ट संपायला हवी ना? नाही संपत! कारण आपण 'येते' म्हणतो ती बोलायची पद्धत. यॉर्कशरची बाई 'येटे' म्हणते तो शब्द असतो! एक्क्याण्णव साली यांची बदली झाली, आम्ही इथे हॅरोला आलो. सामानाची व्हॅन निघाली, मी रडतेय, मीनल रडतेय, आणि डोरीन दारात उभी राहून शांतपणे म्हणते, "येटे, शैला." मला इतकं भरून आलं! म्हटलं, किती छान निरोप घेतला बाईने.

निरोप कसला! पुढच्या शुक्रवारी फोन, किंग्ज क्रॉसवरून! "मेट्रोपॉलिटन लाइन कुठल्या प्लॅटफॉर्मला लागते गं?" रविवारी निघाली, म्हणाली "येटे," त्याच्या पुढच्या महिन्यात परत हजर. गणपतीला आली, दिवाळीला आली, गेल्या गुढीपाडव्याला आली ती येताना दोन बॅगा घेऊन, आणि आज संक्रांत आहे! वरची खोली तिची. सशाची ताटली माझ्या फडताळात. हे हॉस्पिटलला निघाले की दारातून ओरडून विचारते, "येटे म्हटलंस का, राजीव?" आणि हेही मुकाट्याने मागे वळून म्हणतात! ती बघा, तिसऱ्या रांगेत, निळे केस. हात हलव, डोरीन! सगळा तिळगूळ तिच्याच पर्समध्ये आहे.

यांचं म्हणणं एकच, इंग्रजाला 'येतो' म्हणायला शिकवायचंच नसतं. मागच्या वेळी कोणी न शिकवता आले होते, तर दीडशे वर्षं हलले नाहीत! हे सगळं खरं हो, पण... तिला आता 'जा' तरी कसं म्हणणार? तुम्हीच सांगा!