कान तपासणारे साहेब

आमच्या चाकणच्या कंपनीत कान तपासायला एक साहेब आले होते, ते ऐका. प्रेसशॉपच्या भिंतीला लागून कॅन्टीन, तिथंच मशीन मांडलं. पलीकडं पत्रा ठोकणाऱ्या प्रेस धाडधाड चालूच.

शिंदेकाकांचा जन्म त्या प्रेसवर गेला. त्यांना हाक ऐकू येत नाही, खांद्यावर हात ठेवावा लागतो. हेडफोन घालून त्यांना समोरच बसवलं, आवाज आला की हात वर करायचा. साहेबांचं बोट बटणावर हललं की काका हात वर करायचे. प्रेसशॉपची माणसं अख्खी शिफ्ट बोटांच्या खुणांवर काढतात, राव. निकाल आला, कान एकदम नॉर्मल. म्हणजे कान खराब म्हणून काकांची कमी आवाजाच्या खात्यात बदली व्हायची ती गेली.

माझी बहीण हेच शिकलीय, म्हणून मी विचारलं, "साहेब, या कामाला सरकारी नोंदणी लागते. तुमची आहे ना?"

साहेब वायर गुंडाळत राहिले. मी पुन्हा मोठ्यानं विचारलं. अख्खं कॅन्टीन वळलं, यांची मान काही वर होईना.

काकांनी खुणेनं विचारलं, काय झालं? मी खुणेनंच सांगितलं, साहेबांना ऐकू येत नाही.

काका नेहमीच्या मोठ्या आवाजात म्हणाले, "मग ह्यांना पास कुणी केलं?"