ठिबकच्या नळीचा पडदा

चुडामण : विचार तिले, योगू. ठिबकची नळी कोनं कापली?

योगेंद्र : रंजिता, बाबा विचारताहेत, नळी कोणी...

रंजिता : ऐकलं मी. चार हातांवर तर उभे आहेत. सांगा त्यांना, मी कापली. विळीवर बसून कापली. दोन-दोन बोटांच्या कड्या केल्या, उरलेल्या ऑइलपेंटमध्ये बुडवल्या, सुतळीत ओवल्या अन मधल्या खोलीच्या दाराला पडदा लावला. मस्त दिसतोय, हेही सांगा.

योगेंद्र : बाबा, ती म्हणते की... चुकून कापली गेली.

रंजिता : चुकून? मी कधी म्हटलं चुकून?

चुडामण : नळी चुकून कापली, तं रंगबी चुकून लागला का तिले?

योगेंद्र : तसं नाही बाबा...

चुडामण : अख्खं भेंडोळं होतं, योगू! एकबी भोक बुजलेलं नव्हतं. पुढच्या महिन्यात केळी लावायची हाये. पानी कशानं देऊ? हिचा पडदा सोडून वावरात आंथरू? लाल, हिरवा, पिवळा? सारं फोपनार गाव पाह्याले येईन!

योगेंद्र : रंजिता, बाबा म्हणताहेत, केळीला पाणी...

रंजिता : मला मराठी समजते.

चुडामण : दोन दिवस आपुन दोघं रावेरले लग्नाले काय गेलो, घराचं काय करी ठेवलं! खताच्या गोन्या ओसरीवर, फवारनीचा पंप मोरीत, अन खोलीच्या भिती पिवळ्याधम्मक. घर हाये का हळदीचा मांडव? विचार तिले, कोनाच्या परवानगीनं?

रंजिता : अहो, त्यांना सांगा, भिंतींना चुना लावलाय. पोत्यात अर्धा पडलेला होता, तोच. त्यात मूठभर पिवडी कालवली. खिडकीचे पडदे माझ्या जुन्या साड्यांचे. बसायला केळीचे क्रेट उपडे टाकले, वर गाद्या केल्या. गाद्यांत लूमवरच्या कापडाची कतरन भरली, ती माझ्या आईनं माहेराहून, बुधवाऱ्यातून पाठवली. या घरातलं काही मागितलं नाही, काही विकलं नाही. मग परवानगी कशाची?

योगेंद्र : बाबा, तिचं म्हणणं, खर्च काही झाला नाही.

रंजिता : माझं म्हणणं ते नाही! तुम्ही प्रत्येक वेळी माझं बोलणं अर्धं करून का देता?

चुडामण : तिले सांग, सासऱ्याच्या देखत आवाज खाली.

योगेंद्र : आवाज खाली ठेव म्हणताहेत.

रंजिता : सहा वर्षं खालीच होता. सासऱ्याशी बोलायचं नाही. ते आले की उठून उभं राहायचं. मीठ संपलं तरी तुमच्या तोंडून सांगायचं. अहो, मी बापाच्या दुकानात गल्ल्यावर बसून गिऱ्हाइकांशी भांडलेली पोरगी. इथं येऊन मुकी झाले.

योगेंद्र : मग तुम्ही दोघं डायरेक्ट बोला ना यार एकदा! मी काय लाऊडस्पीकर आहे का? इकडून तिकडे, तिकडून इकडे. दोघंही ऐकताय, दोघांनाही समजतंय!

चुडामण : आपल्या घरची रीत हाये ती. तुही माय पंधरा वर्षं माह्या बापाशी बोलली नही. तो मेला तवाच बोलली, तेबी रडता रडता.

योगेंद्र : म्हणजे काय, हिनं पण तेव्हाच बोलायचं?

चुडामण : जास्ती शाना होऊ नको. नळीचं बोल.

रंजिता : हो, नळीचंच बोला. विचारा त्यांना, त्या नळीला भंगार कोणी म्हटलं होतं ते माहीत आहे का.

चुडामण : कोन म्हटलं भंगार?

योगेंद्र : रंजिता, राहू दे ना ते.

रंजिता : का राहू दे? परवा दुपारी तुम्हाला फोन केला मी. मागे बँड वाजत होता. मी म्हटलं, खोली साफ करतेय, काळ्या नळीचं भेंडोळं पडलंय, घेऊ का पडद्याला? काय म्हणाले तुम्ही?

चुडामण : काय म्हटला रे?

योगेंद्र : मी म्हटलं... दारामागचं घे, ते भंगारच आहे.

रंजिता : मी दारामागचंच घेतलं.

योगेंद्र : अगं, मागच्या दाराच्या मागचं! क्षार बसून चोक झालेलं, मातीत पडलेलं. तू पुढच्या दारामागचं खुंटीवरचं घेतलं!

रंजिता : खोलीला दोन दारं आहेत हे तुम्हाला फोनवर आठवलं नाही? सहा वर्षं झोपता ना तिथं?

योगेंद्र : बँड वाजत होता!

चुडामण : म्हंजे तुले माहीत होतं. सारं माहीत होतं. अन मघापासून माह्यापुढं "चुकून, चुकून" करून राहिला? मांडवात बसून उंटावरून शेळ्या हाकल्या, अन आता मले मधात उभा राहून निरोप पोचवतो?

योगेंद्र : मग काय करू मी? तिची बाजू घेतली की तुम्ही म्हणता, बायकोचा बैल. तुमची घेतली की ती म्हणते, बापाचं शेपूट. कुठंही उभा राहिलो तरी मार मलाच. मला सांगा, कुठं उभा राहू? तिथं राहतो.

रंजिता : कुठंही राहा, पण उभे राहा. मला तुमचा याचाच राग येतो. फोनवर म्हणाले, "कर, कर, छान वाटेल आपल्या पोरीला, प्राजूला." अन इथं उंबऱ्यात पाय ठेवला तसे तुम्ही पाहुण्यासारखे वर छताकडे बघायला लागले.

चुडामण : बस झालं. तुमचं नवरा-बायकोचं नंतर पाहा. योगू, त्या कडू सालदाराले हाक मार. वावरातून आला असंन. गोन्या उचलून आत लाव म्हना, होत्या तशा. नळीचं जे झालं ते झालं, मी पाहीन. पन हे सोंग उतरव.

योगेंद्र : रंजिता, बाबा म्हणताहेत, गोण्या...

रंजिता : गोण्या आत आल्या की मी अन प्राजू बाहेर. सांगा त्यांना. माहेरी जाणार नाही, गेले तर त्यांना बरंच वाटेल. इथंच ओट्यावर अंथरूण टाकीन. रस्त्यानं येणारे-जाणारे विचारतील, काय झालं गं? मी सांगेन, आत खत झोपलंय.

चुडामण : धमकी देते?

योगेंद्र : धमकी देते का, विचारताहेत.

रंजिता : तुम्ही बाजूला व्हा.

योगेंद्र : काय?

रंजिता : बाजूला व्हा म्हटलं. बाबा, मी तुमच्याशी बोलतेय.

(योगेंद्र दोघांच्या मधून बाजूला होतो.)

चुडामण : योगू, ही माह्याशी बोलून राहिली का?

योगेंद्र : हो बाबा.

चुडामण : तं मी आता काय करू?

योगेंद्र : ऐका.

रंजिता : ऐका बाबा, मग जे म्हणायचं ते म्हणा. लग्न होऊन आले तेव्हा तुम्ही म्हणाले होते, सीझन होईपर्यंत गोण्या राहू दे खोलीत. म्हणजे मला नाही, यांना म्हणाले होते, मी पदराआडून ऐकलं. सीझन झाला. दुसरा आला. सहा झाले. एक गोणी गेली की दोन येतात. ते पुढचं दार सहा वर्षांत एकदा लागलेलं नाही, कारण त्याला गोण्या टेकलेल्या. नवी नवरी होते मी, अन माझ्या खोलीचं दार लागत नव्हतं. कोणाला सांगू हे? यांना सांगितलं तर म्हणाले, सीझन होऊ दे.

योगेंद्र : मी बाबांना बोलणार होतो...

रंजिता : तुम्ही बाजूला झालेले आहात. बाजूलाच राहा.

चुडामण : शेतकऱ्याचं घर हाये हे. खत नही ठिवायचं तं काय फुलदान्या ठिवायच्या? ज्या केळीच्या जिवावर खाता, तिचंच तर हाये ते. हे घर मी बांधलं. एक एक वीट मी आनली बैलगाडीनं. आता माह्याच घरात मले विचारून राहिले, कुठं काय ठिवतो?

रंजिता : केळीचं मला सांगू नका, निंदणीला मीही येते. घर तुम्ही बांधलं, मान्य. मी कुठं म्हणते माझं आहे? एक खोली म्हणते फक्त. त्यातही भिंती मागत नाही, रंग मागत नाही, ते मी करून घेतलं. फक्त आत कोणी काही आणून टाकू नका म्हणते.

चुडामण : एवढं काय अडलं होतं? खोली म्हंजे झोपाले लागते. डोळे मिटले की पिवळी काय अन काळी काय.

रंजिता : तुम्हाला सगळं सांगावं लागेल का? बरं. मागच्या आठवड्यात अंगणवाडीत ताईंनी पोरांना विचारलं, तुमच्या घरात काय काय आहे. कोणी म्हणालं टीव्ही, कोणी म्हणालं बकरी. आपली प्राजू उभी राहून म्हणाली, आमच्याकडे बैठक आहे, चूल आहे, अन मी गोदामात झोपते.

योगेंद्र : हे मला नाही सांगितलं तू.

रंजिता : तुम्हाला सांगून काय, सीझन होऊ दे म्हणाले असते. सगळी पोरं हसली, बाबा. ताईही हसल्या. प्राजूपण हसली, कारण तिला त्यात काही चूक वाटलीच नाही. या घरात सगळे तेच म्हणतात ना. "गोदामातून पंप आण." "वहिनी कुठंय, गोदामात." तिला वाटलं, झोपतात त्याला गोदामच म्हणतात. साडेचार वर्षांची आहे ती. तिच्या पलंगाखाली फवारणीच्या औषधाचे डबे, उशाशी युरिया. खोकला जात नाही, डॉक्टर बदलतो आपण. डॉक्टर बदलतो, पण गोण्या हलवत नाही! मला राग नाही येणार तर काय येणार? दोन दिवस मी रागानेच चुना मारला त्या भिंतींना. कडूभाऊंना म्हटलं, तुम्ही फक्त गोण्या उचला, बाकी मी बघते.

चुडामण : कडूबी सामील!

रंजिता : त्यांना ओरडू नका. ते नाही नाहीच म्हणत होते.

चुडामण : अन मंग खत कुठं ठिवू? सांग! तोंड उघडलंच हाये तं तेबी सांगून टाक. ओसरीवर ठिवलं तं दव लागून दगड होते त्याचा. मळ्यात ठिवलं तं सकाळपर्यंत अर्धं राहते. कुठं नेऊ? डोक्यावर घेऊन फिरू?

रंजिता : बैठकीत ठेवा.

चुडामण : बैठकीत?

रंजिता : मोठी आहे. एका भिंतीला आरामात मावतील.

चुडामण : डोस्कं ठिकानावर हाये का हिचं? बैठक हाये ती! मानसं येतात तिथं. केळीचे व्यापारी येतात, सोयरे येतात, पंचायतीतले येतात. चहा पितात, बोलतात. त्या वासात मानूस बसंन का घडीभर? डोळे झोंबतात, घसा धरते...

योगेंद्र : बाबा...

चुडामण : तू गप.

रंजिता : मी काही म्हटलं नाही.

चुडामण : म्हटलं नही. पन पाहून राहिली माह्याकडं.

रंजिता : हो. पाहतेय.

चुडामण : मले काय माहीत होतं, पोरगी असं म्हनते म्हनून? कोनी सांगितलं का मले? सांगाले पाहिजे ना!

रंजिता : कशी सांगू? रीत आहे ना आपल्या घरची.

चुडामण : योगू!

योगेंद्र : जी.

चुडामण : उभा काय राहिला खांबावानी? कडूले हाक मार.

योगेंद्र : गोण्या... आत?

चुडामण : बैठकीत. उगवतीच्या भितीले लाव. औषधाचे डबे वर, फळीवर, पोरीचा हात पोचनार नही असे. अन माह्यी खाट इकडं सरकव जराशी.

योगेंद्र : अन व्यापारी आले तर?

चुडामण : आले तं ओट्यावर बसतीन. त्यांच्या घरी काय सोन्याच्या खुर्च्या हायेत का? मले कायले विचारतो प्रत्येक गोष्ट!

योगेंद्र : अन नळीचं?

चुडामण : नळीचं तूच कर. ती मागच्या दाराची चोक नळी घे, अ‍ॅसिडच्या पान्यात टाक, अन एक एक भोक सुईनं मोकळं कर. महिनाभर हाये तुह्यापाशी.

योगेंद्र : पूर्ण भेंडोळं? मी एकटा?

चुडामण : फोन करून विचार कोनाले, बँड वाजत असला तं.

योगेंद्र : रंजिता, तू तरी बोल ना काही.

रंजिता : सुई स्वयंपाकघरात फळीवर आहे. जाडी घ्या.

चुडामण : जाय आता. कडूले म्हना, पोरगी उठली नसंन, तं गोन्या आपटू नको. हळू घे.

योगेंद्र : जातो.

चुडामण : ... बाई.

रंजिता : काय, बाबा?

चुडामण : मी आत येऊन पाहू का खोली?

रंजिता : आज नको, बाबा. आज मी फार रागात आहे. उद्या या.