ओलाव्याचा आकडा

बिघाड काढला की मालक खूश होतो, असं वाटतं ना तुम्हाला? मग आमच्या नितीनदादाचं ऐका. तो आर्णीजवळच्या एका जिनिंगवर, म्हणजे कापसाच्या कारखान्यात, कॉम्प्युटर सांभाळायचा. तिथे कापसाचा ओलावा मोजून आकडा भरतात. ओलावा जास्त, तर वजनात कट्टी, म्हणजे कपात, जास्त. पण आठ भरले तरी पावतीवर बाराच छापून यायचे. काहीच भरलं नाही तर घ्यायचा म्हणून ठेवलेला डिफॉल्ट आकडा भरलेल्या आकड्यावर जाऊन बसत होता. दादाने ते सुधारलं आणि घरी बाबांना सांगितलं. बाबा हरखले.

दुसऱ्या दिवशी मालक काय म्हणाला, ते दादाने नंतर फक्त मला सांगितलं.

"काहून बे, तुले कोणं सांगतलं होतं?"

"बिघाड होता न शेठ."

"लय हुशार हायेस. आता होतं तसं बिघडव, नाहीतर घरी जाय."

दादाने बिघडवलं.

त्याच दुपारी आमची कापसाची गाडी वजनकाट्यावर लागली. पावतीवर बारा. आमची पावती पाहून रांगेतले मागचे काका कुरकुरले, "इतका ओला कसा बाप्पा?"

दादाने मान वर केली नाही. बाबाच त्यांच्यावर उखडले, "मशीन आता खोटं बोलत नाही. माह्या पोरानं सुधरवली. आपलाच कापूस ओला असन."