उघाडीतला पाहुणा

(कासूजवळ खाडीचा बांध. बांधातल्या उघाडीच्या, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडायच्या वाटेच्या, दारामागे पाणी साठलेला खड्डा. मे महिन्यातली संध्याकाळ.)

शांती: आई, हात काढ त्या पाण्यातून. साप असेल.

पुतळी: सापाला हात असतात काय गो? ह्याला आठ हायेत.

शांती: शेजारची रंभा फोनवर म्हणाली, तुझी आई खड्ड्याशी बोलत बसते. मला खरं वाटलं नाही.

पुतळी: खड्ड्याशी कशाला बोलू? आत हाय त्याच्याशी बोलते. शिमग्याच्या उधानाला खाडीचं पानी बांधावरून आत आलं, त्याच्यासंगती हा आला. दार बंद. परत जायला वाट नाय त्याला.

शांती: ऑक्टोपस? आणि तू त्याला खायला घालतेस.

पुतळी: चिंबोऱ्या. आधी दगडाखाली लपायचा. आता माझी चाहूल लागली की वर येतो. मी रडले की पांढराफटक पडतो.

शांती: रडतेस? मग मला फोन करायचास ना.

पुतळी: जावयाची शिफ्ट, पोरांची शाळा. त्यात मी रोज काय सांगू, आज पन एकटीच जेवले म्हनून?

शांती: म्हणूनच आलेय. आजच चल वरशाला, आमच्याकडे. खोली रिकामी करून ठेवलीय.

पुतळी: ह्याला टाकून? पाऊस लागला की इथं गोडं पानी भरंल. मरंल तो.

शांती: मग दार उघडू. ओहोटी आहे, जाईल खाडीत.

पुतळी: ते मला कळत नाय काय? रोज दाराच्या फळीला हात लावते नि घरी जाते.

शांती: का?

पुतळी: तुझा बापूस गेल्यापासून मला कुनी हात लावला नाय, शांते. लोक चांगली हायेत. कालवन आनून देतात, बरी हाय ना इचारतात. हात कोन लावत नाय. हा मनगटाला इळखा घालतो. थंडगार. एकेका बोटावरून फिरतो.

शांती: सरक जरा. मला बघू दे.

पुतळी: सावकाश. बांगड्या वाजवू नको.

शांती: चिकटला. आई, हा सोडत नाही.

पुतळी: ओढू नको. वळख करून घेतोय.

शांती: कसा बघतोय माझ्याकडे.

पुतळी: बघितलंस ना? सोडला बघ हात. आता ऊठ. फळीची ती बाजू धर.

शांती: तू नको उचलू, तुझी कंबर...

पुतळी: मीच उचलनार. हां. वर.

शांती: निघालं पाणी. जातोय का तो?

पुतळी: नाय. पान्यात हात घातला, तर तोच धरून बसलाय.

शांती: सोडव त्याला.

पुतळी: सोडवते. जा रे बाबा. पानी उतरतंय, मागनं वाट राहायची नाय. जा.

शांती: गेला?

पुतळी: दारापाशी थांबला व्हता. चिखलाच्या रंगाचा झाला. मंग दिसला नाय.

शांती: फळी टाकू खाली?

पुतळी: थांब जरा.

शांती: आई, भरतीचं खारं पाणी शेतात शिरेल.

पुतळी: व्हय. टाक.

शांती: येशील ना माझ्याबरोबर?

पुतळी: आज नको इचारू. जा तू, रोह्याची गाडी चुकंल.

शांती: ती मघाशीच गेली. आवाज आला मला.

पुतळी: मंग बोलली का नाय तू?

शांती: तांदूळ कुठे ठेवतेस हल्ली?