भिकाजी गवंड्याचं नाव

मंडळी, एक सांगा. जे आपण डोळ्यांनी पाहिलं नाही, त्याची ग्वाही द्यावी का? लगेच मान हलवू नका. आधी भिकाजी गवंड्याचं ऐका.

गोबरगॅस नवा होता तेव्हाची गोष्ट. शिकून, परीक्षा देऊन दाखला मिळवलेला गवंडी आमच्या भागात एकच, भिकाजी. गॅसच्या टाकीचा घुमट बांधला की ओल्या गिलाव्यात तो आपलं नाव कोरायचा. ते नाव दिसलं की बायका निर्धास्त काडी ओढायच्या. देवाचं नाव तरी आपण एवढ्या भरवशाने घेतो का हो?

सरूबाईंच्या घरचं काम निघालं तेव्हा भिकाजीच्या लेकीचं लग्न होतं. त्याने मेव्हण्याला पाठवलं. संध्याकाळी स्वतः घाईघाईने आला, टाकीत न उतरताच नाव कोरलं आणि मांडवात परतला.

पुढे काही दिवसांनी टाकीत गॅस धरला. पहिली काडी बघायला शेजारीपाजारी जमले, भिकाजी आणि मेव्हणाही आले. सरूबाईंनी शेगडीला हळदकुंकू वाहिलं. कडेवर नातू, हातात काडेपेटी.

"सरूवहिनी, नळी साबणाने तपासली का?" भिकाजीने विचारलं.

"ते मला काय कळतंय? नाव तुमचं आहे ना, भिकाजीभाऊ? मग झालं तर."

त्यांनी काडी पेटीला टेकवली. भिकाजीला ते पोर दिसलं. 

"वहिनी, थांबा. काम मी केलं नाही. मी पाहिलंसुद्धा नाही. नाव तेवढं माझं."

मेव्हणा कानाशी लागला. "दाजी, चारचौघांत काय बोलता? उद्या कोण बोलावील आपल्याला?"

भिकाजीने साबणाचा फेस करून नळीच्या सांध्यावर लावला. फेस फुगला, फुटला, पुन्हा फुगला. स्वयंपाकघरात गॅस झिरपत होता. सरूबाईंनी काडेपेटी खाली ठेवली आणि नातवाला पोटाशी धरलं. 

भिकाजी बाहेर गेला. छिन्नी घेतली आणि आधी स्वतःचं नाव उडवलं. मग सांधा उकलला.

मेव्हण्याचं खरं झालं. बरेच दिवस भिकाजीला कुणी बोलावलं नाही. पहिलं बोलावणं आलं ते सरूबाईंच्या माहेरून, त्यांच्याच सांगण्यावरून. तिथे त्याने एक नवी रीत घातली. पहिली काडी घरच्या बाईने नाही, त्याने स्वतः ओढायची. मरेपर्यंत ती पाळली.

आता तुमच्या गच्च्यांवर सूर्यावर वीज करणारी तावदानं चमकतात. त्यांचाही, काम नीट झाल्याचा, दाखला असतो. तो देणारा गच्चीवर चढला होता का, जरूर विचारा. पण घरी जाताना स्वतःलाही विचारा. "मुलगा चांगला आहे हो, डोळे झाकून मुलगी द्या," असं आपण किती जणांना सांगितलं? त्या घराचा जिना आपण चढलो होतो का?

काडी तर दुसऱ्याची लेक ओढते, मंडळी.